अकरा नंबरचा घोडा

सुरी तिरकी धरायची.
सरळ धरली की रंगासोबत लाकूडही सोलून येतं,
आणि लिंडनचं लाकूड मुळात मऊ, नखानंसुद्धा ओरखडतं.
आउस्त्रा हे राइविसला दोनदा सांगते.
तिसऱ्यांदा नुसती बघते.

घोडा टेबलावर आडवा, पोटाखाली वाळूची पोती.
बंदरालगतची जत्राबाग बंद पडून अकरा वर्षं झाली.
उंच पाळणा भंगारात गेला,
आरसेमहाल कुणी काचेच्या भावानं नेला.
चक्राचे घोडे सव्वीस. त्यातला हा एकच
नगरपालिकेला मिळाला, शाळेच्या तळघरात,
शिक्षा केल्यासारखा भिंतीकडे तोंड करून.

सगळ्यात वर निळा.
जहाजांना लावून उरलेला,
गोदीतल्या इमांत्सनं बादलीभर आणून दिलेला,
बदल्यात त्याच्या लेकीला वर्षभर फेऱ्या फुकट.
निळा हटत नाही.
समुद्राला पुरून उरावा म्हणूनच तर बनवलेला.
त्यात दोन दिवस जातात.

खाली लाल.
लालाचे तीन हात, एकावर एक,
खोगिरावर पाच टोकांचा तारा, एक टोक आखूड.
रंगवणाऱ्याला थंडी वाजत असेल.
किंवा रंग संपला असेल.
आउस्त्रा अंदाज बांधत नाही, फोटो काढते.
मग एकदम म्हणते, या लालावर मी बसलेय.
आई कठड्यापाशी उभी, हातात कोबीची पिशवी.
दर फेरीला वाटायचं, या खेपेला आई नसणार.
दर फेरीला असायची.
मला चक्कर यायची ती त्यानं, घोड्यानं नाही.

मग करडा.
बागेच्या हिशेबवहीत त्याची एकच ओळ:
'सैन्याकडून मिळाला, अर्धं पिंप.'
कुठल्या सैन्याकडून, ते नाही.
चक्र त्या वर्षीही चालू होतं.
रविवारी बँड वाजत होता, सरबतवाला बसत होता.
मोठ्यांची पूर्ण तिकिटं एका रकान्यात,
मुलांची अर्धी दुसऱ्या.
जूनमध्ये अर्धी तिकिटं चारशे बारा.
पुढच्या जूनमध्ये दोनशे सत्त्याण्णव.
बेरीज बिनचूक. खाली वळणदार सही.
फरक का पडला ते लिहायला
रकानाच नव्हता.

राइविस विचारतो, एवढी पोरं गेली कुठं?
खिडकीबाहेर वाळूच्या टेकड्या,
एकाच बाजूला वाकलेले पाइन.
आउस्त्रा त्यांच्याकडे बघत राहते.
'सुरी तिरकी धर,' म्हणते.

करड्याखाली साईचा रंग.
लगामावर सोनेरी वर्खाची द्राक्षवेल,
आयाळीत एक गुलाब, नाकपुडीत चक्क गुलाबी.
केवढी हौस! शहर तेव्हा नवंनवं स्वतःचं झालं होतं,
आणि कुणालाच घाई नव्हती.

आणि मग लाकूड.
खोगिराखाली, जिथं कुणाचीच नजर जायची नाही,
पेन्सिलीनं दोन ओळी, उजवीकडून डावीकडे.
शहरात आता ही लिपी वाचणारं कुणी नाही.
फोटो रीगाला जातो, आठवड्यानं उत्तर येतं:
'अकरावा. डावा कान मोठा झाला.
राहू दे. बँड नीट ऐकू येईल.'

राइविस कान मोजतो.
खरंच, बोटभर मोठा.
इतक्यांनी रंगवला,
कापावा असं एकालाही वाटलं नाही.

नगरपालिकेचं पत्र येतं:
घोडा मूळ साईच्या रंगात हवा, उन्हाळ्याआधी,
मधले थर दिसू नयेत, करडा तर नकोच,
पर्यटकांना मळ वाटतो.
आउस्त्रा साय लावते, वर्ख लावते,
नाकपुडी पुन्हा गुलाबी करते.
फक्त डाव्या कानामागं,
बसलेल्या मुलाचा हात सहज पोचेल तिथं,
अर्ध्या तिकिटाएवढा करडा चौकोन
तसाच ठेवते.

बिलात त्याचे पैसे लावत नाही.